न पाहिलेल्याचा मान पहिला

दर महिन्याला एक जुना रहस्यपट, गावातल्यांनी वाड्याच्या माजघरात आणि बाहेरगावच्यांनी आपापल्या घरी, पण सगळ्यांनी एकाच वेळी बघायचा, असं तुम्ही भाचरांनी दिवाळीत ठरवलंत ते फार चांगलं केलंत. आता त्याची घडी नीट बसावी म्हणून आत्याच्या चार गोष्टी ऐकून ठेवा. यातलं काही यात्रेतल्या तंबूत शिकलेलं आहे, काही गणपतीच्या चौकात आणि बरंचसं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. रहस्यपट ज्यानं पाहिलेला नाही त्याचा असतो. ज्यानं पाहिलाय तो त्या संध्याकाळपुरता यजमान, आणि यजमानानं पाहुण्याच्या ताटातला घास उचलायचा नसतो. सिनेमा कोणता, सुरू कधी करायचा, मध्यंतर कुठं, बोलायचं कोणी, हे सगळं न पाहिलेल्याची सोय बघून ठरवा. बाकी मी पुढं जे सांगणार आहे ते या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

आपल्या भागाला एकत्र बसून सिनेमा बघणं नवं नाही. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी तिथं जाऊन सुपारी देऊन येतात, आणि यात्रेच्या रात्री तमाशा उभा राहतो. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पूर्वी तंबूतला सिनेमा असायचा. मधे दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. मशीन एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत सगळा तंबू बोलत बसायचा. आता हा मरतो, आता तो पळतो, बाईच्या मनात काळंबेरं आहे, असं काय काय चालायचं. आणि त्यात हमखास एक जण निघायचा, ज्यानं तो सिनेमा मुंबईला आधीच पाहिलेला असायचा. तो उभा राहून खुनी कोण ते सांगून टाकायचा. पैसे देऊन बसलेल्या शे-दोनशे माणसांचा आनंद एका वाक्यात जायचा. मला त्याचा तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

हे दुखणं जगभरचं आहे. हिचकॉकनं 1960 साली ‘सायको’ काढला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा दंडकच थिएटरांना घातला, आणि शेवट कोणाला सांगू नका अशी प्रेक्षकांना जाहीर विनंती केली. अगाथा ख्रिस्तीच्या नाटकावरचा ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ 1957 साली आला, त्यात सिनेमा संपल्यावर तशीच विनंती ऐकू येते. तिचंच ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये 1952 साली सुरू झालं, आणि खेळ संपला की नट प्रेक्षकांना सांगतात, हे गुपित आता तुमच्यापाशी ठेवा. एवढ्या मोठ्या माणसांना हे मागून घ्यावं लागलं, तर आपण आपल्या घरात नियम केला तर त्यात कमीपणा कसला?

म्हणून दर सिनेमाला एक राखणदार नेमा. तो सिनेमा नीट पाहिलेला हवा आणि पोटात गोष्ट ठेवणारा हवा. प्रत तपासणं, सगळ्यांना एकाच वेळी सुरू करायला लावणं, चिठ्ठ्या सांभाळणं ही त्याची कामं. ज्यांनी ज्यांनी आधी पाहिलाय त्यांना शेवटच्या रांगेत बसवा. याचं कारण त्यांचं तोंड. माणूस बोलला नाही तरी खुनी पडद्यावर आला की त्याचे डोळे बोलतात, आणि पुढं बसला असेल तर सगळ्यांना दिसतात. पुण्या-मुंबईची मंडळी फोनवर चित्रासकट जोडलेली असतील तर पाहिलेल्यांनी आपला कॅमेरा बंद ठेवायचा. आणि सिनेमा चालू असताना ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. ‘अरे बापरे’सुद्धा नाही. ठाण्यातला भाऊ दोन मिनिटं मागं असेल तर तुमच्या ‘अरे बापरे’नं त्याला कळतं की आता काहीतरी होणार, आणि मग तो दचकत नाही, वाट बघत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रत. जुन्या सिनेमांच्या प्रती नाना ठिकाणांहून येतात आणि कापलेल्या असतात. गाणी उडवलेली, विनोदी प्रसंग उडवलेले, कधी एखादं अख्खं रीळच गायब. साध्या सिनेमात हे खपून जातं. रहस्यपटात नेमका तोच तुकडा गेला असेल, ज्यात कपाटाची किल्ली कोणाकडं होती ते दिसतं, तर न पाहिलेला माणूस शेवटी विचारतो की हे कुठून आलं, आणि त्याचं चुकत नाही. तेव्हा राखणदारानं आदल्या दिवशी एक काम करायचं. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, तिथं चित्र थांबवून वाचायचं. त्यावर रिळं किती आणि लांबी किती ते लिहिलेलं असतं, फार जुन्यावर फुटांत, नंतरच्यावर मीटरमध्ये. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी चालते, म्हणजे मिनिटाला 90 फूट, मीटरमध्ये साधारण 27.4. प्रमाणपत्रावर 4000 मीटर असेल तर सिनेमा 146 मिनिटांच्या आसपास भरला पाहिजे. तुमच्याकडची प्रत 140 मिनिटांची निघाली तर घाबरू नका. आपल्याकडच्या टीव्हीसाठी केलेल्या प्रती सेकंदाला 25 चौकटींनी चालतात, त्या चार टक्के लवकर संपतात, काही कापलेलं नसतं. पण 120 भरली तर कात्री लागली आहे हे नक्की, दुसरी प्रत शोधा. हा हिशेब पोरांनाच करायला द्या. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्यांचा तपास सुरू होतो.

याच 24 आणि 25 मुळं आणखी एक घोटाळा होतो. तुमची प्रत एका चालीची, न्यू जर्सीच्या ताईची दुसऱ्या चालीची, तर दोघांनी एकाच क्षणी सुरू करूनही शेवटापर्यंत पाच-सहा मिनिटांचं अंतर पडतं. खुनी सापडायच्या वेळेला पाच मिनिटं फार झाली. त्यामुळं घड्याळावर जाऊ नका, प्रसंगावर जा. प्रमाणपत्र दिसलं की सगळ्यांनी थांबायचं, राखणदारानं तीन म्हटलं की सोडायचं. मध्यंतराच्या पाटीवर पुन्हा सगळे थांबणार, मागं पडलेला तिथं येऊन मिळणार. फोनवरून एकानं सिनेमा दाखवायचा आणि दुसऱ्यांनी बघायचा हा खटाटोप नको, आवाज फाटतो आणि अंधारातलं काही दिसत नाही. ज्यानं त्यानं आपली प्रत आदल्या दिवशी उतरवून ठेवायची. रेंजच्या भरवशावर बसलात तर न्यायालयाच्या निकालालाच गोल गोल फिरत राहतं. आणि चौकात, दहा घरं बोलावून दाखवायचा विचार असेल तर हक्क कोणाकडं आहेत ते आधी विचारून परवानगी घ्या. घरात बसून बघणं वेगळं आणि जाहीर खेळ वेगळा.

बाहेरदेशीच्यांसाठी वेळ सांगून ठेवते. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेआठ, कारण ते नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागं घेतात. ताईला दर वेळी विचारायला नको. परदेशाशी असं बोलता येणं ही आपल्या तालुक्याला काही परकी गोष्ट नाही. नारायणगावाशेजारच्या आर्वीला विक्रम उपग्रह भूकेंद्र 1971 साली सुरू झालं, आणि देशाबाहेरचे फोन आपल्या रानातल्या त्या मोठ्या थाळीवरून जायला लागले. आपली माणसं तेव्हा ती थाळी बघायला सायकलवरून जायची.

चित्राचा आकार बघा. 1950-60 मधले काळे-पांढरे सिनेमे जवळपास चौकोनी असतात. नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्या. पडदा भरायचा म्हणून चित्र ताणलंत तर माणसं जाडी दिसतात, आणि मोठं करून भरलंत तर वरचा-खालचा भाग कापला जातो. टेबलावर ठेवलेलं पत्र, पायाशी पडलेली बांगडी, असलं सगळं खालच्या कडेलाच असतं. प्रोजेक्टर लावणार असाल तर पांढऱ्या चादरीपेक्षा चुन्यानं सारवलेली सपाट भिंत बरी, चादर वाऱ्यानं हलते. उजेड फार वाढवू नका, सावल्या धुवून निघतात, आणि या सिनेमांत अर्धी गोष्ट सावलीत असते. आणि चित्र उलटं तर पडत नाही ना ते प्रमाणपत्राची अक्षरं वाचून पाहा. गणपतीत चौकात कापड बांधून सिनेमा दाखवायचे तेव्हा पुढं जागा नाही म्हणून निम्मं गाव कापडाच्या मागं बसायचं. त्यांना पाट्या उलट्या दिसायच्या, आणि उजवा हातही डावा. प्रेमाच्या सिनेमाला काही बिघडत नाही. पिस्तूल कोणत्या हातात होतं यावर जिथं निकाल लागतो, तिथं मागचं आणि पुढचं गाव दोन वेगळ्या माणसांवर संशय घेतं.

कोणता सिनेमा आधी? यावर तुम्ही भांडणार हे मला ठाऊक आहे, म्हणून माझा क्रम सांगते. पहिला ‘पाठलाग’. आपल्या भाषेतला, राजा परांजपे यांचा, 1964 चा, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून केलेला. नामांकित वकील, त्याची बायको वारलेली, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते की मीच तुमची बायको. काशिनाथ घाणेकरांचा चेहरा त्या पहिल्या भेटीत बघा, बाकी काही सांगत नाही. त्यावरूनच राज खोसला यांनी दोन वर्षांनी ‘मेरा साया’ केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. बरेलीच्या झुमक्याचं गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण ते त्या सिनेमाचं आहे हे पोरांना ठाऊक नसतं. हिंदी पाहिलेल्याला मराठीचं रहस्य आधीच कळलेलं, म्हणून त्यांनी मागच्या रांगेत. मग पुढच्या महिन्यात ‘मेरा साया’ सगळ्यांनी मिळून बघा, गुपित माहीत असताना. कोण हे कळलेलं असलं की कसं हे दिसायला लागतं. कुठल्या प्रसंगात दिग्दर्शकानं आपल्यासमोर सत्य ठेवलं होतं आणि आपण भलतीकडं बघत होतो, ते एकाच गोष्टीच्या दोन सिनेमांत जितकं स्वच्छ समजतं तितकं कुठंच समजत नाही.

त्यानंतर ‘सी.आय.डी.’, 1956 चा, हाही राज खोसलांचाच, निर्माता गुरुदत्त, वहिदा रेहमानचा पहिला हिंदी सिनेमा. मग ‘कानून’ आणि ‘इत्तेफाक’ लागोपाठ ठेवा. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ 1960 चा, त्यांच्या धाकट्या भावाचा, यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ 1969 चा, आणि दोन्हींत एकही गाणं नाही. गाण्याला उठून तंबाखू मळायला जाणाऱ्या काकांची मोठी पंचाईत होते. ‘इत्तेफाक’ गुजराती नाटकावरून घेतलेला, जवळजवळ सगळा एका रात्रीत आणि एका घरात घडतो. आपल्या माजघराइतक्या जागेत किती भीती मावते ते बघा. ‘ज्वेल थीफ’ आणि ‘तीसरी मंज़िल’ हे विजय आनंद यांचे दोन मात्र घर भरलेलं असेल तेव्हासाठी ठेवा, गणपतीत किंवा दिवाळीत. त्यांत गाणी आहेत, रंग आहेत, लहान-मोठे सगळे बसतात. ‘ज्वेल थीफ’मध्ये पार्टीत देव आनंदला बूट काढायला लावतात, त्या वेळी कोणालाही पाण्याला उठू देऊ नका.

‘गुमनाम’ 1965 चा, दिग्दर्शक राजा नवाथे, मूळ धागा ख्रिस्तीच्या 1939 च्या कादंबरीचा. कादंबरी वाचलेल्याला मागची रांग लागू. ‘बीस साल बाद’ 1962 चा, शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्यावरून घेतलेला. तो मी लहान पोरांना ऊसतोडीच्या दिवसांत दाखवणार नाही. निर्जन रान, रात्रीची हाक, वाड्याच्या वारसावर टपलेलं काहीतरी. मुंबईच्या पोराला ती गोष्ट वाटते. आपलं पोर त्यानंतर उसाच्या कडेनं घरी जाणार असतं.

हे बोलले म्हणून तेही आत्ताच सांगते, आणि यात हयगय नको. ऊस तुटायला लागला की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो वस्त्यांकडं सरकतो. जुन्नर-आंबेगावात हे आता कोणाला समजवावं लागत नाही. म्हणून हिवाळ्यात सिनेमा सहाच्या ठोक्याला सुरू, मध्यंतरासकट पावणेनऊपर्यंत आटोपला पाहिजे. चिठ्ठ्यांवरची चर्चा लांबली तर मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यांना एकेकटं पायी निघू द्यायचं नाही, गाडीनं सोडायचं, नाहीतर मुक्कामाला ठेवायचं. जवळ राहणाऱ्यांनी घोळक्यानं जायचं, हातात बॅटरी, पोरं मधोमध, मोठ्यानं बोलत. गावात त्या आठवड्यात बिबट्या दिसल्याची बातमी असेल तर तारीख पुढं ढकला. सिनेमा साठ वर्षं थांबलाय, आणखी आठ दिवस थांबेल.

तारीख ठरवताना लाईटही बघा. ज्यांच्या शेतीच्या लाईटची पाळी अजून रात्रीची येते त्यांना त्या आठवड्यात मोटार सुरू करायला जावंच लागतं, अर्धा जीव विहिरीपाशी असतो. दिवसपाळीचा आठवडा धरा. चैत्र-वैशाखात ठरवूच नका, यात्रा आणि कांदा दोन्ही एकदम येतात. मुंबईतले आपले डबेवाले भाऊबंदसुद्धा तेव्हा यात्रेला गावी येतात, पण ते पालखीसाठी आणि तमाशासाठी. त्यांना रहस्यपटाला बसवायचं तर गणपती-दिवाळीच बरी. श्रावणातले सोमवार ओतूरच्या कपर्दिकेश्वराचे, ते सोडा. बाकी श्रावणाचे दिवस अशा सिनेमांना फार चांगले, फक्त पत्र्याखाली बसू नका, पावसाच्या आवाजात कुजबूज ऐकू येत नाही.

आता स्वयंपाकघराचं. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते आहे. आपल्याकडं सिनेमा ऐन रंगात आला की कोणीतरी म्हणतं, चहा टाका गं जरा. आणि एक सून उठते. ती चहा घेऊन परत येते तोवर मृत्युपत्र वाचून झालेलं असतं, आणि मग ती विचारते तेव्हा सगळे तिला गप्प करतात. वर्षानुवर्षं आपल्या घरातल्या बायांनी अर्धेच सिनेमे पाहिले. तुम्ही हे नव्यानं सुरू करताय तर ही चाल तेवढी मोडा. सिनेमा चालू असताना चूल बंद. चहा सुरू व्हायच्या आधी, नंतर थेट मध्यंतरात, आणि तो पुरुषांनी करायचा. मासवडीचा बेत त्या दिवशी करायचा नाही, ती दुपारभर दोघींना गुंतवते आणि संध्याकाळी त्यांचे डोळे मिटायला लागतात. साधी खिचडी किंवा भाकरी-पिठलं आधीच करून झाकून ठेवा. तोंडात टाकायला उकडलेल्या शेंगा द्या, कुरकुरीत पिशव्या नकोत. घरात कोणी बाई उठलीच, मूल रडलं म्हणून का असेना, तर राखणदारानं सिनेमा थांबवायचा, बाहेरगावच्यांनाही थांबा म्हणून सांगायचं. न पाहिलेल्याचा मान पहिला म्हटलं ना? आपल्या घरात न पाहिलेलं माणूस बहुतेक वेळा तीच असते.

मध्यंतर हे रहस्यपटाचं फार मोठं भाग्य आहे, ते वाया घालवू नका. तंबूत रीळ बदलताना जे आपोआप व्हायचं ते आता ठरवून करा. प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि पेन्सिल. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या. कोणावर संशय आहे, काय पाहिलं म्हणून आहे, आणि आपलं नाव. लिहिताना बोलायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात, डबा राखणदाराकडं. बाहेरगावच्यांनी एकट्या राखणदाराला कळवायचं, सगळ्यांना नाही. ज्या आजींना लिहिता येत नाही त्यांनी नातवाच्या कानात सांगायचं आणि नातवानं बदल न करता लिहायचं.

यात ‘काय पाहिलं म्हणून’ हा रकाना खरा. प्राण दिसला, के. एन. सिंग दिसला, की सगळं घर त्याच्याकडं बोट दाखवतं. हे दिग्दर्शकाला तुमच्याआधी ठाऊक असतं आणि तो त्याचा उपयोग करून घेतो. नटाची ओळख हा पुरावा होत नाही. घड्याळ, दार, किल्ली, कोण कोणत्या खोलीतून आलं, कोणाला काय ठाऊक असायला नको होतं आणि तरी तो बोलून गेला, याला पुरावा म्हणायचं. आमच्या पिढीला हे बाबुराव अर्नाळकरांनी शिकवलं. झुंजार, धनंजय, काळा पहाड यांच्या पुस्तकांनी हातातल्या निवडणीचं भान राहायचं नाही. संशय घ्यावा, पण कारणासकट घ्यावा, ही सवय त्यांच्याकडून लागली, आणि बाजारात, दवाखान्यात, कागदावर सही करताना ती उपयोगी पडते.

सिनेमा संपल्यावर दिवा लगेच लावा आणि डबा उघडा. बोलायचा क्रम उलटा, सगळ्यात लहान आधी, पाहिलेले सगळ्यात शेवटी. ‘मला वाटलंच होतं’ हे चिठ्ठीत नसेल तर धरायचं नाही. ज्याचं कारण बरोबर निघालं त्याला शाबासकी, नाव चुकलं असलं तरी. नुसतं नाव बरोबर आणि कारण काहीच नाही, त्याला नाही. मग ज्या प्रसंगावर वाद होईल तो पुन्हा लावून बघा. आता मागं जायला हरकत नाही, आता सगळे पाहिलेले झाले.

दहा-बारा वर्षांच्या पोरांना अडीच तास बसवत नाही. त्यांच्यासाठी बासू चटर्जींची दूरदर्शनवरची ‘ब्योमकेश बक्षी’ मालिका आहे, 1993 ची, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना अजित. एक-दोन भाग बघून पोरं तयार होतात. मग सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ द्या, 1974 चा, राजस्थानातला. सौमित्र चटर्जींचा फेलुदा पोरांना लगेच आवडतो, आणि रायनी त्यात वाईट माणसं कोण ते लवकरच दाखवून दिलंय. तरी जीव टांगणीला लागतो, हे मुद्दाम त्यांच्या ध्यानात आणून द्या. बंगाली कळत नाही म्हणून मोठ्या पोरीनं खालची अक्षरं वाचून हळू आवाजात मराठीत सांगायची. तिनं पुढचं वाचून आधी बोलू नये, एवढं तिला बजावा.

पुण्याला जाणं झालं तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोरांना घेऊन जा. 1964 साली ते सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी जन्मभर रिळं गोळा करून वाढवलं. आपण माजघरात बसून जे बघतो ते कोणीतरी डबे वाहून, पुसून, थंड खोलीत ठेवून वाचवलेलं असतं. नारायणगावाहून पाऊणशे किलोमीटर, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

येत्या शनिवारी ‘पाठलाग’. ज्यांनी तो किंवा ‘मेरा साया’ पाहिलाय त्यांनी गुरुवारपर्यंत मला फोन करावा, म्हणजे मागच्या रांगेत किती सतरंज्या घालायच्या ते कळेल. प्रत थोरल्यानं शुक्रवारी मोजून ठेवावी. चहाची पाळी धाकट्या दोघा भावांची आहे, त्यांनी दूध येताना घेऊन यावं.